अंगठ्याची खूण

एमिल ह्रुस्काला बेलफोर्डमध्ये लोक ओळखत ते त्याच्या तोंडामुळे. बेसबॉलचा कॅचर म्हणून तो बरा होता. गुडघे कामातून गेलेले, पळायला लागला की मागे भरलेलं गाडं बांधल्यासारखा पळायचा, आणि बॅटिंग म्हणाल तर चौतिसाव्या वर्षी जेवढी जमावी तेवढीच. पण एकदा मास्क चढवून बॅटरच्या पाठीमागे उकिडवा बसला की त्याची जीभ सुटायची. "काय रे, सासू गेली का परत, की अजून मुक्काम आहे?" "तुझी ती गाडी अजून खोकतेय वाटतं, पार्किंगमधून आवाज आला." बॅटरचं लक्ष उडवायचं, एवढाच हेतू. पण पंधरा वर्षं तो हे इतक्या मायेनं करत आला होता की समोरच्या संघातली माणसंही त्याच्याशी गप्पा मारायला उत्सुक असायची. कुणाला मुलगी झाली, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, सगळं एमिलला माहीत. ते सगळं त्याला त्या मातीच्या तीन हात जागेत, दोन चेंडूंच्या मधल्या वेळात कळलेलं असायचं.

एक्कावन्न सालचा तो मोसम. बेलफोर्ड पायलट्स म्हणजे खालच्या लीगमधला, नदीकाठच्या गावचा संघ. मागची तीन वर्षं शेवटून पहिला किंवा दुसरा. एमिलही तिथलाच झालेला. मूळचा नेब्रास्काचा, झेक शेतकऱ्याचा मुलगा, पण सहा वर्षांपूर्वी बेलफोर्डला आला आणि लोरेटाशी लग्न करून राहिला. लोरेटा शिंपल्यांची बटणं करणाऱ्या कारखान्यात बटणं निवडायला बसायची. हिवाळ्यात एमिलही तिथेच शिंपले कापायच्या यंत्रावर लागायचा.

त्या वर्षी एप्रिलमध्ये डेल टॅकेट आला. बावीस वर्षांचा, केंटकीच्या डोंगरातला, ताडमाड उंच. बोलणं इतकं कमी की पहिल्या आठवड्यात बसमधले लोक त्याला मुका समजले. पण चेंडू टाकायला लागला आणि पहिल्याच सरावात एमिलचा तळहात मिटच्या, म्हणजे झेलायच्या जाड मोज्याच्या, आतून सुजला. त्या रात्री जेवताना डाव्या हाताने साधा पेलाही धरता येईना, तेव्हा तो लोरेटाला म्हणाला, "लोरेटा, या वर्षी आपण जिंकू शकतो गं."

त्याने डेलला हाताशी धरलं. कुठला बॅटर कुठे कच्चा, थकल्यावर खांदा कसा पडतो, सगळं शिकवलं. पिचरने कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर मांड्यांच्या मधे बोटांनी खूण करून सांगतो. एक बोट म्हणजे वेगवान, दोन म्हणजे वळणारा. डेलने त्या बोटांवर डोळे मिटून विश्वास टाकला. एमिलची खूण त्याने एकदाही नाकारली नाही. सुट्टीच्या सोमवारी तो त्यांच्याकडे जेवायला यायचा. लोरेटाने चिकन तळलेलं असायचं. तो प्रत्येक वेळी "बाई, फार छान झालंय" एवढंच म्हणायचा आणि भांडी घासून जायचा.

जुलै उजाडला तेव्हा बेलफोर्ड आणि हॅडली हे दोन संघ पहिल्या जागेसाठी खांद्याला खांदा लावून होते. त्याच सुमारास क्लबचे मालक, लाकडाच्या वखारीचे मिस्टर ऑडेन, यांनी एमिलला ऑफिसात बोलावलं.

"गस पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्ये जातोय," ते म्हणाले. गस ब्रॅनिगन म्हणजे संघाचा मॅनेजर. खेळाडू त्याला स्किप म्हणत. "त्याच्या जागी तुझं नाव त्यानेच सुचवलंय. पहिले आलो तर समज झालंच."

एमिल घरी चालत गेला तो पायाखालचा रस्ता न बघता. त्याला बेसबॉलखेरीज काही येत नव्हतं. गुडघे आणखी एक वर्ष टिकले असते, फार तर. त्यानंतर बारा महिने शिंपले कापायचे, हे त्याने मनाशी धरून टाकलं होतं. लोरेटाने ऐकलं आणि ती खुर्चीवर बसली. "म्हणजे आता तू मैदानावरच राहशील," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं एमिलने लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहिलं.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी हॅडलीचा संघ बेलफोर्डला आला.

हॅडलीचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा, लॉनी प्रुइट हा एमिलच्या खास गप्पिष्टांपैकी. सव्वीस वर्षांचा, दात पुढे, सतत हसरा. त्याची बायको व्हर्ना पहिलटकरीण होती, आणि मे महिन्यापासून प्रत्येक सामन्यात एमिलला तिच्या तब्येतीची बातमी मिळत होती. त्या दिवशी लॉनी पेटला होता. पहिल्याच इनिंगमध्ये त्याने डेलचा चेंडू कुंपणापलीकडे घालवला. चौथ्या इनिंगमध्ये तो दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या थांब्याच्या गादीवर, पाय पुढे करून घसरत आला आणि त्याच्या बुटाच्या खिळ्यांनी तिथे उभ्या असलेल्या बेलफोर्डच्या बकी लास्कोची नडगी फाडली. सात टाके पडले. लॉनीने बकीला हात दिला, माफीही मागितली. पण स्किप डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या खोलगट जागेच्या, पायरीवर उभा राहून तंबाखू चघळत त्याच्याकडे बघत राहिला.

सहाव्या इनिंगमध्ये लॉनी पुन्हा बॅटिंगला आला. टोपी सारखी करत म्हणाला, "कसा आहेस, म्हाताऱ्या?"

"तू आलास ना, आता कसला बरा असणार," एमिल म्हणाला. "ये, आणखी एक घालव. कुंपणाबाहेरची पोरं वाट बघतायत."

आणि त्याने सवयीने डगआउटकडे पाहिलं. स्किपने टोपी काढली आणि गुडघ्यावर आपटली.

एमिलने नजर वळवली, पुन्हा नेली. स्किपने पुन्हा टोपी आपटली. या वेळी जोरात.

त्या खुणेचा अर्थ एकच होता. चेंडू माणसावर टाका. पंधरा वर्षांत एमिलने ती खूण वीसेक वेळा पिचरला पोचवली असेल. चेंडू बरगडीत बसतो, नाहीतर मांडीवर. बॅटर शिव्या देतो, पहिल्या बेसवर जातो, आणि विषय तिथे संपतो. सगळे करत. एमिलला स्वतःलाही चार-पाचदा बसला होता.

त्याने मांड्यांच्या मधे मूठ धरली आणि अंगठा बाहेर काढून लॉनीच्या दिशेने उडवला.

डेल खूप वेळ बघत राहिला. डेलला ही खूण एमिलने एप्रिलमध्येच शिकवून ठेवली होती, पण दिली कधी नव्हती. मग त्याने होकाराची मान हलवली.

डेलचा हात मागे गेला तेव्हा एमिलचं तोंड उघडलं. ते आपोआप उघडलं की त्याने उघडलं, हे त्याला पुढे कधीही सांगता आलं नाही.

"व्हर्नाचं काय रे? दिवस भरत आले असतील."

लॉनीने किंचित मान वळवली. तो हसत होता. "अरे, पाळणा रंगवून झाला! आणि आता म्हणते पिवळा नको, मला पिवळ्याने–"

आवाज हाडाचा वाटला नाही. ओल्या ओंडक्यावर कुऱ्हाडीची उलटी बाजू बसावी तसा आला. तेव्हा डोक्यावर कापडी टोपीच असायची. लॉनी गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला, आणि त्याचा डावा पाय मातीत रेघ ओढत राहिला. एमिलने मास्क फेकून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. स्टँडमध्ये इतकी शांतता झाली की पलीकडच्या चर्चच्या आवारात कुणीतरी गवत कापत होतं, त्या यंत्राची घरघर ऐकू आली. डेल अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि तिथेच, हात लोंबते सोडून, उभा राहिला.

स्ट्रेचर आलं, अँब्युलन्स गेली, आणि सामना पुढे चालू झाला. बेलफोर्ड चार-तीनने जिंकलं.

कपडे बदलायच्या खोलीत स्किप बाकावर उभा राहिला. "घामाने चेंडू निसटला," तो म्हणाला. "असं होतं. कुणी विचारलं तर हेच सांगायचं. खोटं नाहीच ते. डोक्यावर टाक असं कुणी म्हणालं होतं का?"

डेल भिंतीकडे तोंड करून बसला होता.

लॉनी जगला. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होता. डावा डोळा गेला. लीगच्या ऑफिसातून चौकशीचा कागद आला, तेव्हा मिस्टर ऑडेन यांनी उत्तर टाइप करून घेतलं आणि कॅचर म्हणून एमिलची सही मागितली. ‘चेंडू निसटला.’ दोन शब्द. एमिलने सही केली. पेन खाली ठेवताना मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

डेलचा पुढचा सामना शुक्रवारी होता. पहिल्या बॅटरला त्याने चार चेंडू टाकले, चारही इतके बाहेर की एमिलला आडवं पडून अडवावे लागले. दुसऱ्याला तेच. चार चेंडू बाहेर गेले की बॅटर आयता पहिल्या बेसवर जातो. डेलने त्या दिवशी नऊ जणांना असं सोडलं. स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, "अरे चष्मा द्या रे त्याला!" एमिल त्याच्यापाशी गेला.

"आत टाक, डेल."

"टाकतोय."

"नाही टाकत आहेस. लांब टाकतोयस."

डेलने चेंडू हातात फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी बरगडीवर टाकला होता एमिल. देवाशप्पथ. वर गेला तो, पण एवढा नाही. तो हलला का नाही? सगळे हलतात. त्याने बघितलंसुद्धा नाही चेंडूकडे. मला रोज तेच दिसतं, तो बघतच नाहीये."

उत्तर एमिलच्या जिभेवर होतं. "असं होतं कधीकधी," तो म्हणाला आणि मास्क चढवून परत गेला.

त्या दिवसापासून बॅटरच्या मागे बसल्यावर त्याच्या तोंडून शब्द निघेना. "काय म्हाताऱ्या, आज जीभ घरी ठेवून आलास?" दुसऱ्या गावचे खेळाडू चिडवायचे. तो मिटवर मूठ आपटायचा. आणि नेमकी त्याच महिन्यात त्याची बॅट चालायला लागली. दहा वर्षांत लागली नव्हती अशी. तिकडे लॉनीशिवाय हॅडलीचा संघ कोसळला. बेलफोर्ड पहिलं आलं, पहिलंच राहिलं. दुकानांच्या काचांवर खेळाडूंची नावं रंगली. बटणांचा कारखाना सामन्याच्या दिवशी तासभर आधी सुटायला लागला. न्हाव्याने एमिलचे पैसे घेतले नाहीत. "मॅनेजरसाहेबांकडून कसले पैसे," तो म्हणाला, कारण ती बातमीही गावभर झाली होती.

ऑगस्टच्या मध्यावर डेलला काढून टाकलं. स्किपने तोंडाने सांगितलंही नाही, त्याच्या कपाटात चिठ्ठी ठेवली. दुपारी डेल बॅग घेऊन एमिलच्या घरी निरोप घ्यायला आला. लोरेटाने त्याला सँडविच बांधून दिलं. तो पायरीवरच उभा राहिला.

"एमिल, लॉनीचा पत्ता आहे का तुझ्याकडे? लिहावं म्हणतो. काय लिहायचं ते कळत नाही, पण लिहावं म्हणतो."

"बघतो. पाठवून देतो तुला."

"तू फार केलंस माझ्यासाठी," डेल म्हणाला. "माझ्यामुळे तुला खाली बघावं लागलं."

तो वळून बसस्टँडच्या रस्त्याला लागला. एमिल दारात उभा होता. लोरेटा त्याच्या मागे येऊन थांबली.

"काय आहे तुझ्या पोटात?" तिने विचारलं. "महिना झाला, तू माझ्याशी धड बोललेला नाहीस. झोपेत मात्र बोलतोस."

"काय बोलतो?"

"पाळण्याचं काहीतरी."

तेव्हा त्याने सांगितलं. टोपी, अंगठा, आणि व्हर्नाबद्दल विचारलेला प्रश्न. उभ्या उभ्याच सांगितलं. मग लोरेटा आत जाऊन बटाटे सोलायला बसली, आणि बटाटे संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. त्या मॅनेजरच्या नोकरीवर तिने काय काय बेत बांधले होते ते एमिलला माहीत होतं. नदीच्या बाजूचं एक घरही ती दोनदा बघून आली होती.

रविवारी सकाळी चर्चला निघताना हातमोजे घालत ती म्हणाली, "उद्या तुला सुट्टी आहे. हॅडलीची बस साडेनऊला सुटते."

हॅडलीतलं घर रेल्वेलाइनला लागून होतं. व्हर्नाने दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर पाच आठवड्यांची मुलगी होती. एमिलचं नाव ऐकून तिचा चेहरा मोकळा झाला.

"अहो, तुम्ही एमिल! या ना. घरी येऊन तुमच्याच गप्पा सांगायचे ते. तिथून कुणी आलं नाही हो आत्तापर्यंत. तुम्हीच पहिले."

एमिल टोपी काढून उंबऱ्यातच पाय पुसत राहिला.

लॉनी खिडकीशी बसला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी, अंगातले कपडे ढगळ झालेले. शब्द शोधत, थांबत बोलत होता. पण हसला तसाच.

"म्हाताऱ्या. ये. पहिल्या नंबरवर आहात म्हणे."

"आहोत."

थोडा वेळ मुलीबद्दल बोलणं झालं. व्हर्नाने कॉफी आणली. मग लॉनीने पुढे वाकून विचारलं, "एमिल, तू तिथेच होतास. तूच सांग. मला त्या दिवशीचं काही आठवत नाही. सकाळी बसमध्ये चढलो एवढंच. मी काय केलं?"

"म्हणजे?"

"मी हललो का नाही? आमचे लोक म्हणतात, थिजून उभा राहिलास. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला कळतं. कोच आला होता, तोसुद्धा म्हणाला, असं होतं, भीतीने पाय गोठतात." त्याने उरलेला डोळा एमिलवर रोखला. "मी कधी चेंडूला घाबरलो नाही रे. लहानपणापासून नाही. रोज इथे बसून विचार करतो, त्या दिवशी का घाबरलो? डोळ्याचं मी बघेन काहीतरी. पण हे डोक्यातून जात नाही."

एमिलने कप खाली ठेवला. त्याने घरून निघताना सगळं जुळवून आणलं होतं, कुठून सुरुवात करायची वगैरे. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"तू घाबरला नव्हतास," तो म्हणाला. "तू माझ्याशी बोलत होतास. मी तुला व्हर्नाबद्दल विचारलं. डेलचा हात मागे गेला होता तेव्हा विचारलं. आणि त्याच्याआधी मीच त्याला खूण केली होती, तुझ्या अंगावर टाकायची. स्किपने मला केली, मी डेलला केली. चेंडू निसटला नव्हता. मी कागदावर तसं लिहून दिलं, ते खोटं आहे."

व्हर्नाने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मुद्दाम?" व्हर्नाने विचारलं. "त्यांचं लक्ष जावं म्हणून, मुद्दाम माझं नाव घेतलंत?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही मला. मी सगळ्यांशीच बोलतो. पण खूण केली हे मला माहीत होतं, आणि तरी बोललो."

लॉनी खिडकीबाहेर बघत होता. मालगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत तो थांबला.

"मी काय म्हणत होतो?"

"पाळणा रंगवून झाला म्हणालास. आणि ती म्हणते पिवळा नको. तेवढ्यात..."

लॉनीने मान हलवली. "हो. पिवळ्याने तिला मळमळायचं तेव्हा." मग, जणू स्वतःशीच, "म्हणजे मी घाबरलो नव्हतो."

"नाही."

"तुम्ही आता जा," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मुलीला तिने घट्ट धरलं होतं. "बस पाचला आहे ना? असू दे. रस्त्यावर थांबा. इथे नको."

एमिल दारापर्यंत गेल्यावर लॉनीने हाक मारली. "त्या पोराला सांगितलंस का? तुझ्या पिचरला?"

"नाही अजून."

"मग इथे काय करतोयस?" लॉनी म्हणाला आणि तोंड फिरवलं.

मंगळवारी एमिल सरावाच्या आधी स्किपच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "मी लीगला खरं काय ते लिहून कळवतोय. तुमच्या पाठीमागे नको म्हणून आधी सांगायला आलो."

स्किपने खुर्ची मागे ढकलली. रागावला नाही. ते जास्त अवघड होतं.

"एमिल, मी तीस वर्षं या धंद्यात आहे. मला डोक्यावर तीनदा बसलाय. मी कुणाच्या घरी गेलो नाही रडत, आणि माझ्या घरी कुणी आलं नाही. त्या पोराचा डोळा परत येणार आहे का तुझ्या पत्राने?"

"नाही."

"तुला हा संघ मिळणार होता. मी मिळवून दिला होता. आता तुला कुठल्या मैदानावर झाडू मारायलाही कुणी ठेवणार नाही. बायकोला विचारलंस?"

"तिनेच पत्रासाठी पाकीट आणून दिलं."

स्किप उठला. मग म्हणाला, "बॅटिंग बरी चालली होती रे तुझी," आणि दार उघडून धरलं.

आठवड्यात लीगचा निकाल आला. स्किपला वर्षभर बंदी, एमिलला उरलेल्या मोसमापुरती. क्लबने एमिलला त्याच दिवशी मोकळं केलं. पहिल्या जागेवर असलेल्या संघाला मॅनेजर नाही, कॅचर नाही आणि शेवटचे नऊ सामने बाकी. त्यांतले सहा हरले. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, तिकडच्या कामगार-दिनाला, पहिला नंबर दुसऱ्याच गावाकडे गेला, आणि बेलफोर्डच्या दुकानदारांनी काचांवरची नावं खरवडून काढली. एमिलचं नाव त्यांनी आठवडाभर आधीच काढलं होतं.

गावाने त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण तो आला की लोक बोलायचे थांबत. न्हाव्याने केस कापले, पूर्ण पैसे घेतले आणि एक शब्द बोलला नाही. कारखान्यातून निरोप आला की या हिवाळ्यात कापायच्या यंत्रावर जागा नाही. लोरेटाच्या बाकावरच्या बायकांनी तिला डबा एकटीने खायला लावला. ती घरी येऊन हे सांगायची नाही. एमिलला बकी लास्कोच्या बायकोकडून कळलं. बकी तेवढा एकटा येऊन गेला. नडगीवरचा वण दाखवत म्हणाला, "याच्यासाठी केलं म्हणे स्किपने. मला कुणी विचारलं असतं तर!"

सप्टेंबरच्या शेवटी एमिल दोन दिवस बस बदलत केंटकीत पोचला. डेल काकाच्या लाकूड कापायच्या गिरणीत होता. भुशाने माखलेला, फळ्या रचत. एमिलला बघून त्याने हातातली फळी आधी नीट रचली, मग खाली आला.

एमिलने सगळं सांगितलं. या वेळी नीट सांगता आलं, कारण हे तो आता चौथ्यांदा सांगत होता.

"तो तुझ्याकडे बघत होता," डेल म्हणाला. "म्हणून."

"हो."

"तुला हे जुलैतच माहीत होतं."

"हो."

"त्या शुक्रवारी मी नऊ जणांना सोडलं. तू माझ्यापाशी आलास. मी तुला विचारलं, तो हलला का नाही. तोंडाने विचारलं मी तुला." डेलचा आवाज चढला. तो चढलेला एमिलने पहिल्यांदाच ऐकला. गिरणीतली दोन माणसं वळून बघायला लागली. "का नाही सांगितलंस?"

"मॅनेजर करणार होते मला."

डेल हसला. वाईट हसला. मग भुशाच्या ढिगावर बसला आणि त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. खांदे हलत होते. एमिल उभा राहिला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही.

डेलच्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. लांबून माणूस आलाय म्हणून तिने घेवड्याची आमटी आणि मक्याची भाकरी वाढली, आणि माझा मुलगा पुन्हा कधी खेळेल हो, असं दोनदा विचारलं. दोघंही मान खाली घालून जेवले. डेलने कुणाला काही सांगितलं नाही. आईसमोर त्याने एमिलला कमीपणा आणला नाही, आणि एमिलला ते शिव्यांपेक्षा झोंबलं.

बस थांबते त्या फाट्यापर्यंत तो सोडायला आला.

"पत्ता दे," डेल म्हणाला. एमिलने कागद दिला. "मी जाईन त्याच्याकडे. पत्र नको. तू येऊ नकोस."

"नाही येत."

"चेंडू मी टाकला होता. ते तू येऊन बदललं नाही, समजलं? थोडं हलकं झालं असेल. पण अंगठा बघून मान मी हलवली."

बस आली. डेलने हात पुढे केला नाही. एमिल चढला तेव्हा तो घराकडे निघालेला होता.

नोव्हेंबरात डेल हॅडलीला जाऊन आला एवढं एमिलला कळलं. बकीने कुणाकडून तरी ऐकलं होतं. तिथे काय बोलणं झालं, लॉनीने त्याला आत घेतलं की नाही, व्हर्ना काय म्हणाली, हे त्याला कधीच समजलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला समजत होतं. डेल पुन्हा खेळला नाही. लॉनीला त्याच्या गावच्या टपाल खात्यात काम मिळालं.

नाताळाच्या आधी एमिल आणि लोरेटा तिथून साठ मैलांवरच्या एका मोठ्या गावात गेली. तो रेल्वेच्या यार्डात लागला, ती एका शिवणकामाच्या दुकानात. शेजारचा माणूस बेसबॉलचा वेडा. एप्रिल उजाडला की रविवारी दुपारी तो खिडकीत रेडिओ मोठा करून ठेवायचा, आणि कुंपणावरून हाका मारायचा, "या हो ह्रुस्का, ऐकायला!" एमिल हात वर करायचा. मग खुरपं घेऊन परसातल्या कोबीच्या वाफ्यात जाऊन बसायचा, सामना संपेपर्यंत, उकिडवा, गुडघे दुखत असले तरी.